ग्रीन टी, पाळीआधीचे दिवस आणि आपल्या मुलींचे रक्त

रविवारी विहारात वंदना आणि महिला मंडळाची बैठक संपली की काही तरुण मुली मागे रेंगाळतात. मोठ्या बायका चपला घालून बाहेर पडल्या की मग हळू आवाजात विचारतात, "ताई, पाळीच्या आधी मला फार त्रास होतो. ग्रीन टी घेतला तर कमी होतो म्हणे. खरं का?" हा प्रश्न मला वस्तीतल्या विहारात, मुलींच्या वसतिगृहात आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतही विचारला गेला आहे. कुणी मोबाइलवर पाहिलेले असते, कुणाला रूममेटने सांगितलेले असते. पंचवीस पिशव्यांचा डबा खोलीत आलेलाही असतो.

उत्तर आधी थोडक्यात सांगते, मग सविस्तर बोलू. दिवसाला एक-दोन कप ग्रीन टीने निरोगी मुलीचे काही बिघडत नाही. पण पाळीआधीच्या त्रासावरचे ते औषध नाही. आणि तोच कप जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतला, तर अंगात आधीच कमी असलेले रक्त वाढायला अडथळा होतो. आपल्या वस्तीतल्या मुलींच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पाळीआधी शरीरात काय होते

पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते. गर्भ राहिला नाही तर ते आणि इस्ट्रोजेन, दोन्ही झपाट्याने खाली येतात आणि पाळी सुरू होते. या चढ-उताराच्या काळात अनेक जणींना चिडचिड होते, कारण नसताना रडू येते, झोप नीट लागत नाही, छाती जड होऊन दुखते, पोट फुगते, डोके दुखते, गोड किंवा चमचमीत खावेसे वाटते. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत हे सगळे ओसरते. याला डॉक्टर पीएमएस म्हणतात. आपण पाळीआधीचा त्रास म्हणू.

पुष्कळांना वाटते की अशा मुलींच्या शरीरात हार्मोन जास्त असतात किंवा बिघडलेले असतात. तसे नाही. १९९८ साली अमेरिकेत एक नेमका प्रयोग झाला. हा त्रास असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांची संप्रेरके आधी औषधाने दाबली आणि मग सारख्याच प्रमाणात परत दिली. त्रास असणाऱ्यांचे मन पुन्हा बिघडले, इतरांना काहीच झाले नाही. म्हणजे संप्रेरके तीच, प्रमाणही तेच. काही जणींचा मेंदू त्या बदलाला जास्त संवेदनशील असतो, एवढाच फरक. म्हणून कुणी "सगळ्यांनाच पाळी येते, तुझंच काय वेगळं?" असे म्हटले, तर त्याला शास्त्राचे उत्तर आहे. पाळी सगळ्यांना येते, पण प्रत्येकीचे शरीर तिला वेगळ्या तऱ्हेने तोंड देते. हे नखरे नाहीत आणि स्वभावाचा दोषही नाही.

ग्रीन टीत काय असते

ग्रीन टी ही काही वेगळी वनस्पती नाही. आपल्या टपरीवरच्या चहाचे आणि ग्रीन टीचे झुडूप एकच. साध्या चहाची पाने तोडल्यावर चुरगळून, हवेत ठेवून काळी होऊ देतात. ग्रीन टीची पाने लगेच वाफवून किंवा भाजून वाळवतात, म्हणून त्यांचा हिरवेपणा टिकतो. त्यामुळे त्यात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये जास्त राहतात. शिवाय थिअॅनिन नावाचे एक द्रव्य असते, ज्याने मन थोडे शांत होते असे सांगितले जाते. आणि कॅफिन असतेच. ग्रीन टीच्या एका कपात ते साधारण ३० मिलिग्रॅम असते. उकळलेल्या दुधाच्या चहात त्याहून थोडे जास्त आणि कॉफीत बरेच जास्त.

कॅटेचिन आणि थिअॅनिन यांमुळे सूज कमी होते, ताण कमी होतो, म्हणून पाळीआधीचा त्रासही कमी होईल, अशी सगळी मांडणी केली जाते. पण तर्क बरोबर वाटणे वेगळे आणि उपयोग सिद्ध होणे वेगळे. या विषयावर झालेले अभ्यास थोड्या स्त्रियांवरचे आणि थोड्या काळाचे आहेत. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने या त्रासाबद्दल डॉक्टरांना ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्यांत मुख्य उपचार म्हणून समुपदेशन, व्यायाम, ठरावीक गोळ्या यांचा विचार आहे. ग्रीन टी त्या उपचारांत नाही.

मग त्याचा काहीच फायदा नाही का? एक साधा फायदा होऊ शकतो. दिवसाला पाच-सहा कप गोड चहा घेणाऱ्या मुलीने त्यातले दोन कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे केले, तर साखर कमी होते आणि कॅफिनही थोडे कमी होते. पाळीआधी ज्यांची झोप उडते, त्यांना कॅफिन कमी केल्याने बरे वाटते. पण हा फायदा चहा बदलल्याचा आहे. संध्याकाळनंतर घेतलेला ग्रीन टी उलट झोप घालवतो, हेही ध्यानात ठेवा.

मैत्रिणीला गुण आला, तो कसा?

"पण माझ्या मैत्रिणीला खरंच फरक पडला, ताई." हेही नेहमी ऐकते. ती खोटे बोलत नाही. हे समजून घ्यायला एक अभ्यास फार उपयोगी आहे.

१९९८ सालीच अमेरिकेत ४६६ स्त्रियांवर कॅल्शियमची चाचणी झाली. निम्म्या जणींना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले. उरलेल्यांना तशीच दिसणारी, पण काही औषध नसलेली गोळी दिली. कुणाला कोणती गोळी मिळते आहे, ते त्यांना ठाऊक नव्हते. तीन पाळ्यांनंतर कॅल्शियमवाल्यांचा त्रास ४८ टक्क्यांनी कमी झाला. पण रिकामी गोळी घेणाऱ्यांचाही त्रास ३० टक्क्यांनी कमी झाला.

हे ३० टक्के विसरू नका. रिकाम्या गोळीने एवढा फरक पडतो, कारण आपण स्वतःसाठी काहीतरी करतो आहोत हा विश्वास असतो, कुणी विचारपूस करते, आणि हा त्रास मुळातच एका महिन्यात जास्त व दुसऱ्यात कमी असतो. ज्या महिन्यात त्रास फार झाला, त्याच महिन्यात आपण नवा उपाय सुरू करतो. पुढचा महिना तसाही थोडा बरा जाणार असतो. श्रेय मात्र चहाच्या पिशवीला मिळते. म्हणून एका मैत्रिणीच्या अनुभवावर उपाय ठरवू नये. जो उपाय रिकाम्या गोळीपेक्षा जास्त गुण देतो, तोच उपाय म्हणायचा. त्या चाचणीत कॅल्शियमने तो दिला.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच समजावले होते. कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासून हिताची ठरली तरच धरा. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म असा तपासून घेण्याचा आहे. तो मोबाइलवर येणाऱ्या आरोग्यसल्ल्यालाही लागू आहे.

खरी अडचण जेवणाच्या ताटात

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिते आहे, तो सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे ते वाढले. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते ५७.२ टक्के आहे. दहा मुली बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणींच्या अंगात पुरेसे रक्त नाही.

चहातली तुरट द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. मग ते लोह आतड्यातून रक्तात जात नाही, बाहेर टाकले जाते. ही गोष्ट १९७५ पासून माहीत आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना पाव, तसेच भात आणि बटाटा-कांद्याचे सूप असे साधे जेवण दिले होते. सोबत चहा घेतल्यावर लोहाचे शोषण घटले. शिजवलेल्या रक्तातल्या लोहावर मात्र चहाचा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ असा की डाळ, पालेभाजी, भाकरी यांतल्या लोहाला चहाचा फटका जास्त बसतो आणि मटण, कलेजी यांतल्या लोहाला कमी. ज्या घरात आठवड्यातून एकदाच मटण येते आणि बाकी दिवस भाजी-भाकरी, डाळ-भात असतो, तिथल्या मुलीचे नुकसान जास्त. काळा असो वा हिरवा, चहा तो चहाच. हिरवा आहे म्हणून तो या बाबतीत निर्दोष ठरत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचा दिवस पाहा. सकाळी वजन कमी करायचे म्हणून उपाशीपोटी ग्रीन टी. नाश्ता बुडवलेला. दुपारी डबा उघडला की जेवणासोबत पुन्हा एक कप, कारण जेवणानंतर घेतल्याने चरबी जळते असे कुणीतरी सांगितलेले. आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळी त्याच कपाबरोबर गिळलेली. महिन्याच्या शेवटी दम लागतो, डोके गरगरते, अभ्यासात लक्ष लागत नाही, रडू येते. मग या सगळ्याला पीएमएस म्हणायचे आणि त्यावर आणखी एक कप ग्रीन टी. असे हे चक्र आहे.

उपाय सोपा आणि फुकटचा आहे. चहा कोणताही असो, जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी व नंतर किमान एक तास घेऊ नका. २०१७ साली ब्रिटनमध्ये स्त्रियांवरच झालेल्या एका लहान अभ्यासात असे दिसले की चहा जेवणासोबत न घेता एक तासाने घेतला, तर लोहावरचा परिणाम बराच कमी होतो. जेवताना लिंबू पिळा, आवळा किंवा पेरू खा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषले जाते. भाजी लोखंडी कढईत करा.

थकवा महिनाभर आहे की पाळीआधीच?

रक्तक्षयाचा थकवा आणि पाळीआधीचा त्रास वेगळा ओळखायची खूण आहे. पाळीआधीचा त्रास ठरावीक दिवसांत येतो आणि पाळी सुरू झाल्यावर जातो. मधला किमान एक आठवडा मुलगी अगदी ठीक असते. जिना चढताना दम लागणे, फिकटपणा, केस गळणे, माती-खडू खावेसे वाटणे, थकवा हे महिनाभर असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवे. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

पाळीत रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर त्यामुळेच रक्त कमी होत असते. अशा मुलीने डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. थायरॉइडचा आजारही असाच थकवा देतो.

सरकारच्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मोफत मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. त्याहून मोठ्या स्त्रियांसाठी लाल गोळी असते. जंताची गोळी वर्षातून दोनदा. गोळीने शी काळी होते, कधी मळमळते. ते नेहमीचे आहे, घाबरून गोळ्या टाकून देऊ नका. रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत लोहाची गोळी घेऊ नका.

ग्रीन टीच्या गोळ्या आणि पावडरी

कपातला ग्रीन टी आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन कमी करायला आणि हार्मोन ठीक करायला म्हणून या गोळ्या, पावडरी विकल्या जातात. वस्तीत ओळखीच्या बायकाच साखळी पद्धतीने त्या विकतात. ग्रीन टीतल्या मुख्य कॅटेचिनला ईजीसीजी म्हणतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सांगितले की चहा पिणाऱ्या माणसाच्या पोटात रोज साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जाते आणि ते सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. पण अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेले, तर यकृताला इजा होऊ शकते. उपाशीपोटी घेतल्यास धोका वाढतो.

अशी गोळी घेणाऱ्या कुणाचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, मळमळ आणि उजव्या कुशीत दुखू लागले, तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. जाताना डबी सोबत न्या. गरोदर बाईने, दिवस राहण्याचा प्रयत्न करणाऱ्या बाईने आणि रक्तदाबाची किंवा इतर रोजची औषधे चालू असलेल्या बाईने या गोळ्या मुळीच घेऊ नयेत.

मग करायचे काय?

पहिले काम वहीचे. सलग दोन पाळ्या, रोज रात्री झोपताना एक ओळ लिहा. तारीख, पाळीचा कितवा दिवस, चिडचिड, रडू, झोप, दुखणे यांना शून्य ते तीन असे गुण, आणि त्या दिवशी काही खास घडले का. दोन महिन्यांनी वही उघडली की त्रास खरोखर पाळीआधीच येतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. डॉक्टरकडे गेलात तर तिथेही हीच वही सगळ्यात उपयोगी पडते. ग्रीन टी घेऊनच पाहायचा असेल तर तोही वहीत लिहा. दोन महिने न घेता आणि दोन महिने घेऊन गुण मोजा. खर्च चालू ठेवायचा की नाही, ते तुमचीच वही सांगेल.

दुसरे काम ताटातले. कॅल्शियमसाठी महागडे काही लागत नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, दही, ताक, तीळ, हाडांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हे आपल्या घरातले पदार्थ आहेत. कॅल्शियमची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, मुतखड्याचा त्रास असेल तर विशेष करून. त्या दिवसांत उपाशी राहू नका. थोडे-थोडे, दर तीन-चार तासांनी खा. पोट फुगते म्हणून पाणी कमी करू नका, मीठ कमी करा. लोणचे, पापड, वेफर्स, पाकिटातल्या नूडल्स या दिवसांत टाळा.

तिसरे, रोज अर्धा तास चालणे किंवा कोणताही घाम येणारा व्यायाम. त्रास सुरू झाल्यावर नव्हे तर महिनाभर. आणि झोप. परीक्षेच्या काळात रात्री दोनपर्यंत जागायचे आणि पाळीआधी मन शांत राहावे अशी अपेक्षा करायची, हे जमणारे नाही. आनापानसतीची सवय असलेल्या मुलींनी ती त्या दिवसांत सोडू नये. रोज दहा मिनिटे शांत बसल्याने राग जात नाही, पण तो येताना दिसतो.

चौथे, डॉक्टर. १०० पैकी साधारण ३ ते ५ स्त्रियांचा त्रास इतका तीव्र असतो की कॉलेज, काम, नाती सगळे विस्कटते, आयुष्य नकोसे वाटते. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ पासून याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले आहे. यावर उपचार आहेत. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना गुण येतो, आणि काहींना त्या फक्त पाळीआधीचे चौदा दिवस घेतल्या तरी पुरतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. दर महिन्याला जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. तिथे आईला न घेता गेलात तरी चालते.

विटाळ गेला, ऐकून घेणे राहिले

आपल्या भाषेत विटाळ हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरला गेला. माणसाच्या जातीचा विटाळ आणि बाईच्या पाळीचा विटाळ. पाणवठ्यावरचा विटाळ नाकारण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. बौद्ध घरांनी पाळीचा विटाळही पुष्कळसा टाकला. आपल्या विहारात वंदनेला बसताना कुणी मुलीला तारीख विचारत नाही. ही मोठी गोष्ट आहे. पण विटाळ न मानणे ही पहिली पायरी झाली. तिच्या त्या दिवसांतल्या त्रासाबद्दल विचारणे ही पुढची पायरी अजून अनेक घरांत आलेली नाही.

ऐकून न घेतल्याची किंमत काय असते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला तेव्हा सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर दंड बसतो, फडावर पाणी नाही, आडोसा नाही. अशा बाईला पिशवी काढून टाक, कटकट जाईल, असे सांगणारा कुणीतरी भेटतो. शहरातल्या मुलीला चहाची पिशवी विकली जाते आणि तांड्यावरच्या बाईची गर्भपिशवी काढली जाते. दोघींचे म्हणणे शांतपणे ऐकून, रक्त तपासून, योग्य उपचार सांगणारे माणूस मात्र दोघींनाही मिळत नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा प्रश्न राष्ट्राच्या हिताचा आहे अशी भूमिका घेतली. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची गोष्ट सांगितली. आपल्या मुली आज डॉक्टर, तलाठी, फौजदार व्हायला निघाल्या आहेत. त्या ९ ग्रॅम हिमोग्लोबिनवर अभ्यास करत असतील तर त्यांच्या वाटेतला हा अडथळा आपण हटवलाच पाहिजे.

म्हणून प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाला माझी विनंती आहे. येत्या तीन महिन्यांत एका रविवारी उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना बोलवा. बारा वर्षांवरील सगळ्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा प्रत्येकीच्या वहीत तिच्याच हाताने लिहायला लावा. गोळ्यांचा पुरवठा होतो का ते विचारा, होत नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. वसतिगृहातल्या मुलींनी गृहपालांकडे आठवड्यातून दोनदा पालेभाजी, अंडी आणि जेवणात लिंबू मागा. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. आकडा वाढला की नाही, ते सगळ्यांना कळेल.

आणि ज्यांच्याकडे ग्रीन टीचा डबा आधीच आहे, त्यांनी तो टाकून देऊ नये. दुपारी चारच्या सुमारास, जेवणापासून लांब, मूठभर शेंगदाणे खाऊन झाल्यावर तासाभराने एक कप खुशाल घ्या. रात्री मात्र वही विसरू नका.

जय भीम. नमो बुद्धाय.